‘हव’ म्हणजे समजलं असं नाही

इंदूरजवळच्या देपालपूरकडच्या एका माँजी आमच्या क्लिनिकमध्ये यायच्या. साठीच्या आसपास, शुगर तीनशेच्या वर, डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं आणि समजावून सांगायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं. मी चांगली अर्धा तास बसले. कुठे टोचायचं, किती टोचायचं, जागा कशी बदलायची, आणि बाटली “ठंडी जगह में रखना, फ्रिज में.” प्रत्येक वाक्याला त्या म्हणाल्या “हव.” माळव्यात हव म्हणजे हो. मी फाईलवर टिक केलं आणि पुढचा पेशंट बोलावला.

महिन्याने आल्या तर उपाशीपोटीची शुगर 290. डॉक्टरांनी डोस वाढवला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, पुन्हा डोस वाढवला. तिसऱ्यांदा सोबत सून होती, आणि मी सहज, खरंच अगदी सहज, विचारलं की बाटली ठेवता कुठे? सून म्हणाली, आमच्याकडे फ्रिज नाही, गल्लीच्या तोंडाशी किराण्याचं दुकान आहे त्याच्या फ्रिजमध्ये ठेवतो, तो वरच्या बर्फाच्या खणात ठेवतो, तिथे सगळ्यात जास्त थंड असतं ना मॅडम. रोज सकाळी माँजी दुकान उघडायची वाट बघायच्या, बाटली आणायच्या, दोन्ही तळव्यांत धरून वितळवायच्या आणि टोचून घ्यायच्या. एक दिवस खाडा नाही.

गोठलेलं इन्सुलिन कामातून जातं, वितळवलं तरी त्याचा भरवसा राहत नाही आणि बाटलीकडे नुसतं बघून दरवेळी ते कळतंच असं नाही. म्हणजे दोन अडीच महिने ती बाई नेमाने निकामी औषध टोचत होती, कारण मी “ठंडी जगह” म्हटलं होतं आणि तिने माझ्या शब्दाचा मान राखून गावातली सगळ्यात थंड जागा शोधली होती. मला त्या दिवशी घरी आल्यावर रडू आलं. आणि त्यात धोका असा होता की डोस दोनदा वाढवलेला, नवीन चांगली बाटली त्याच डोसने सुरू केली असती तर शुगर एकदम खाली जाऊन त्या कोसळल्या असत्या, म्हणून डॉक्टरांनी आधी डोस कमी केला मग बाटली बदलली.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली पण हा सगळा विषय माझ्यासाठी तिथूनच सुरू होतो म्हणून आधी सांगितली.

मी इंदूरची, रामबागेतल्या मराठी घरातली, आहारतज्ज्ञ आहे आणि चौदा वर्षं मधुमेहाच्या पेशंटना शिकवायचं काम करते. आमच्या बाकावर एका सकाळी कोण कोण बसलेलं असतं बघा, रिटायर्ड बँक ऑफिसर काका, खजरान्यातल्या खाला, सिंधी दुकानदार, सांवेरचा शेतकरी, अलीराजपूरहून मजुरीला आलेला भिलाला आदिवासी मुलगा. आणि आम्ही सगळ्यांच्या हातात एकच कागद देतो. तो कागद कुठल्यातरी मोठ्या शहरात कुणीतरी इंग्रजीत लिहिलेला असतो आणि मग त्याचं शुद्ध हिंदी केलेलं असतं, “रक्त शर्करा का नियमित अनुश्रवण करें.” म्हणजे शुगर नियमित तपासत राहा. अनुश्रवण! हा शब्द मी तरी रस्त्यावर कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही.

त्यावर ताटाचं चित्र, त्यात ब्रोकोली आणि ब्राउन ब्रेड. अहो इथे सकाळी पोहे-जिलबी, वरून शेव, रविवारी दाल-बाफले (बाफले म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे) तुपात बुडवून, आणि लग्नकार्यात लाडू. त्या माणसाला ब्रोकोली दाखवून काय सांगणार, तो एवढंच समजतो की हा कागद आपल्यासाठी नाही. मी आता ताट काढतच नाही, टेबलावर खरं स्टीलचं ताट ठेवलंय. अर्ध्या भागात गिलकी-पालक-मेथी जे घरात असेल ते, पाव भागात डाळ किंवा मठ-मूग किंवा अंडं, उरलेल्या पाव भागात पोळी किंवा भात. बाफले खायचेच असतील तर एक, आणि मग त्या पाव भागात दुसरं काही नाही. हे लोकांना पटतं, कारण त्यात बाफल्याला नाही म्हटलेलं नसतं, नुसती जागा ठरवून दिलेली असते.

चित्रांवर माझा पूर्वी फार विश्वास होता. वाचता येत नाही ना, मग चित्र काढा, सोपं आहे. सोपं नाहीये. एकदा लहान मुलांच्या जुलाबावरचा तक्ता मी एका ताईला दाखवला, त्यात दुधाच्या बाटलीवर लाल फुली होती. तिला विचारलं यात काय सांगितलंय, तर म्हणाली बाटली पाजा, लाल पट्टा लावलेली चांगली असते. मी गप्पच झाले. फुली म्हणजे चूक आणि ती तिरकी रेघ म्हणजे बरोबर, हे आपल्याला शाळेत मास्तरांनी वहीवर लाल पेनने करकरून शिकवलेलं असतं, जो त्या वर्गात बसलाच नाही त्याच्यासाठी फुली म्हणजे दोन रेघा. तसंच बाण. तसंच डावीकडून उजवीकडे चित्रं बघत जाणं, सवय नसली की माणूस मधल्या मोठ्या चित्रापासून सुरुवात करतो. तसंच शरीरातून वेगळं काढलेलं मूत्रपिंड, ते एका बाबांना काजू वाटलं होतं. त्यांचं काय चुकलं, काजूसारखंच दिसतं ते. म्हणून आता कुठलंही चित्र छापायच्या आधी मी बाकावरच्या पाच-सहा जणांना दाखवते आणि विचारते, यात काय दिसतंय? दिसतंय काय, एवढंच. आपल्याला काय दाखवायचंय ते मनातच ठेवायचं.

रंग मात्र कामाला येतात. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक 40 चं असतं, म्हणजे एका मिलिलीटरमध्ये 40 युनिट, आणि त्याची सिरिंज लाल टोपीची, 100 ची सिरिंज नारिंगी टोपीची. 40 च्या बाटलीला चुकून 100 ची सिरिंज वापरली तर 20 च्या रेघेपर्यंत भरूनही अंगात जातं फक्त 8 युनिट, आणि उलटं झालं तर अडीचपट. आकडे न वाचता येणाऱ्या माणसाला हे कसं सांगणार? “लाल टोपी. दुकानदाराने दुसऱ्या रंगाची दिली तर परत करा, भांडा, पण घेऊ नका.” आणि भरायच्या रेघेवर नेलपॉलिशची खूण. नेलपॉलिशची आयडिया एका पेशंटच्या मुलीची.

वाचता न येण्याबद्दल एक गोष्ट मला खूप उशिरा कळली. ते कुणी सांगत नाही. “चश्मा घर रह गया” म्हणतात, “बेटा पढ़ लेगा” म्हणतात, कागद घडी करून खिशात ठेवतात. आमच्याकडे एक बाबा होते ते चार वर्षं चष्मा विसरत होते. आपण कागद पुढे करून त्यांच्या तोंडाकडे बघत बसतो तेव्हा चारचौघांत त्या माणसाची किती कुचंबणा होत असेल. आता मी फॉर्म कुणाच्याच हातात देत नाही, सगळ्यांनाच विचारून मीच भरते, अगदी प्रोफेसर आले तरी, म्हणजे कुणाला वेगळं काढल्यासारखं होत नाही.

मापाचं बघा आता. “एक लिटर पाण्यात एक पुडी.” ओआरएसची मोठी पुडी 20.5 ग्रॅमची, ती एक लिटरसाठीच असते, पण घरात लिटर म्हणजे काय? लोक ग्लासभर पाण्यात अर्धी पुडी टाकतात, ते मिश्रण इतकं खारट आणि दाट होतं की लेकराला फायद्याऐवजी अपायच. मी म्हणते, पाण्याची ती प्लास्टिकची लिटरची बाटली असते ना प्रवासात घेतो ती, धुऊन ठेवा, तीच माप, अख्खी पुडी त्यातच आणि उरलेलं चोवीस तासांनी फेकायचं. यावरून बांगलादेशचं काम आठवतं, तिथे ब्रॅक संस्थेने 1980 ते 1990 या दहा वर्षांत एक कोटी वीस लाखांहून जास्त घरी बायका पाठवून आयांना मीठ-गुळाचं पाणी शिकवलं. तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. माप घरातलंच, हाताचंच, हरवायची भीती नाही. आणि मला सगळ्यात आवडलेला भाग असा की शिकवणारीचा पगार तिने किती घरं केली यावर नव्हता. काही दिवसांनी दुसरंच कुणीतरी त्यातल्या काही घरी जायचं, त्या आईला काय आठवतंय ते विचारायचं, आणि त्यावर शिकवणारीला पैसे. म्हणजे आईला समजलं नाही तर ती चूक आईची धरलीच नाही. (आता पुडी मिळते तर पुडीच वापरा हं, चिमटीने मीठ कमी-जास्त होतं.)

आणि गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि राणी बंग यांचं काम मराठी वाचकांना मी काय सांगणार. तरी त्यांचा तो श्वास मोजायचा फळा मला नेहमी डोळ्यांपुढे येतो. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचा श्वास मिनिटाला किती ते मोजावं लागतं, आणि दायांना पन्नाससाठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग काय केलं, मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया. दायांना मोजणी शिकवत वर्ष घालवलं नाही, तेवढ्यात किती बाळं गेली असती. त्यांचं हॉस्पिटलसुद्धा माँ दंतेश्वरीच्या नावाचं, आणि बांधलंय आदिवासी पाड्यासारखं.

आता कुणाला वाटेल की हे सगळं गावाकडच्या लोकांचं चाललंय, आपण शिकलेले. तर नाही. आमच्या नात्यातले एक काका, एम. कॉम., पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. रिपोर्ट घेऊन आले, एचबीएवनसी 9. म्हणाले, “अगं नऊच आहे, मागे शुगर 180 आली होती तेव्हा मी घाबरलो होतो, आता बघ नऊवर आणली.” त्यांना वाचता येत होतं, पण त्या नऊचा अर्थ माहीत नव्हता, आणि कुणी सांगितलाही नव्हता. नऊ म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर जवळपास 212. मी त्यांना बुंदीवरून सांगितलं. रक्तातल्या लाल पेशी म्हणजे बुंदी समजा काका, त्या साधारण 120 दिवस पाकात पोहत असतात, पाक जितका दाट तितका बुंदीला जास्त चिकटणार, आपण ती बुंदी काढून बघतो की किती पाक चिकटलाय. त्यामुळे टेस्टच्या आदल्या दोन दिवशी जेवण कमी करून काही उपयोग नाही. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “तरीच परवापासून एक-एक पोळी चालली होती!”

आणि आपले उपास. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण आपल्याच लोकांनी केली आहे ना? साबुदाण्याची खिचडी, बटाटा, शेंगदाणे, वर राजगिऱ्याचा लाडू, आणि इंदुरात तर फरियाली मिक्स्चर टाकून खिचडी गाडीवर मिळते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, शुगर सरळ वर. पण सत्तरीच्या काकूंना “चतुर्थी सोडा” म्हटलं की त्या चतुर्थी सोडत नाहीत, माझ्याकडे येणं सोडतात. हे मी अनुभवाने सांगते. त्यापेक्षा मी विचारते की तुमच्या घरी उपासाला काय काय चालतं, प्रत्येक घरचं वेगळं असतं, कुणाकडे भेंडी चालते, कुणाकडे काकडी सुद्धा विचारून. मग त्यातूनच काढायचं, खिचडी वाटीभर, सोबत दही, काकडीची दाण्याचं कूट लावलेली कोशिंबीर, भगरीला राजगिऱ्याची भाकरी पर्याय. आणि गोळीचं काय करायचं ते आधी डॉक्टरांना विचारून. उपास मोडत नाही आणि शुगरही फार चढत नाही.

रमजानचं अगदी हेच. आधी आमच्याकडे सरसकट “रोज़ा मत रखो” सांगायचे, लोक हो म्हणायचे, रोजे ठेवायचेच, आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करायचे किंवा सगळ्या एकदम इफ्तारला घ्यायचे. खजरान्याच्या त्या खालांनी मला एकदा अगदी प्रेमाने सांगितलं, “बेटा, तुम पूछोगी नहीं तो हम बताएँगे नहीं.” तेव्हापासून दीड-दोन महिने आधीच विचारते. कुणाला खरंच धोका आहे ते डॉक्टर स्पष्ट सांगतात, बाकीच्यांचे डोस सहरी-इफ्तारला बदलून देतात, आणि नियम एकच पाठ करून घ्यायचा, शुगर 70 च्या खाली गेली तर रोजा तिथेच सोडायचा, संध्याकाळ दहा मिनिटांवर असली तरी. 300 च्या वर गेली तरी सोडायचा. बोट टोचून शुगर बघितली तर रोजा तुटत नाही, हे मी सांगून कुणाला पटत नव्हतं आणि का पटावं, मी कोण. खालांच्याच ओळखीने त्यांच्या मशिदीतल्या मौलाना साहेबांनी जुम्याला ते सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात बायका स्वतःहून ग्लुकोमीटर शिकायला आल्या.

सगळ्यात जास्त मी शिकले ते मात्र अलीराजपूरच्या कॅम्पमध्ये. 2011 च्या जनगणनेत देशात सगळ्यात कमी साक्षरता याच जिल्ह्याची होती, 36.1 टक्के, आणि आमच्या इंदूर जिल्ह्याची 80 च्या वर. गाडीने जेमतेम चार-पाच तासांचं अंतर. 1 जुलै 2023 ला शहडोलहून सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, त्यानंतर तपासण्या वाढल्या, तेव्हा ओळखीच्या डॉक्टरांबरोबर मीही मदतीला गेले. एक नवरा-बायको, दोघंही वाहक म्हणजे स्वतःला त्रास नाही पण रक्तात अर्धा गुण आहे, आणि पहिलं लेकरू आजारी. डॉक्टर म्हणाले, चारात एक. आशाताईने भिलालीत सांगितलं. नवऱ्याच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. मला ते खटकलं, मी ताईला म्हटलं विचार ना त्यांना काय समजलं. तर तो म्हणाला, चारात एक ना, तो एक तर झाला, आता पुढची तीन सुटली.

डॉक्टर कागदावर चौकोन काढायला लागले. आशाताईने त्यांना थांबवलं, बाहेर गेली, आणि पदरात मक्याचे दाणे घेऊन आली. पांढरे आणि पिवळे. बापाच्या मुठीत एक पांढरा एक पिवळा, आईच्या मुठीत एक पांढरा एक पिवळा. बाळ येतं तेव्हा दोघांकडून एक-एक दाणा घेऊन येतं. दोन्ही पिवळे आले तर आजार, एक पिवळा आला तर तुमच्यासारखं, दोन्ही पांढरे आले तर काहीच नाही. डोळे मिटा आणि उचला. त्यांनी उचलले, मग दाणे परत मुठीत, पुन्हा उचलले, परत मुठीत. सहाव्या की सातव्या वेळी पिवळा-पिवळा आला, आणि लगेच पुढच्या वेळी पुन्हा पिवळा-पिवळा. ती बायको, जी तोवर एक अक्षर बोलली नव्हती, ती नवऱ्याला म्हणाली (ताईने मला नंतर सांगितलं) की दाणे तर दरवेळी परत मुठीतच जातात, सुटलं कुठे कुणी.

मला आनुवंशिकता शिकवायला कॉलेजला दोन वर्षं लागली होती.

त्या बाईला अक्षर येत नाही हे खरं आहे. तिला समज नाही असं जो म्हणेल त्याच्याशी मी भांडेन.

तर आता मी “समजलं का?” हा प्रश्नच विचारत नाही. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाला, डॉक्टरला, मॅडमला “नाही समजलं” म्हणणं म्हणजे उद्धटपणा, त्यामुळे उत्तर कायम हव. डॉक्टरांनी सांगितलेल्यातलं 40 ते 80 टक्के माणूस तिथल्या तिथे विसरतो असं अभ्यास सांगतात, यात शिकलेलेही आले. मी विचारते, “घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगशील? मीच तुझी सासू, सांग बघू.” मग मुली हसतात आणि सांगतात, आणि सांगताना जिथे अडखळतात तिथे मला कळतं की माझं कुठे चुकलं. पुरुषांना विचारते की स्वयंपाक कोण करतं, आणि पुढच्या वेळी तिला घेऊन या म्हणते, कारण मीठ-तेल तिच्या हातात. कागदाऐवजी आता व्हॉट्सॲपवर आवाज पाठवतो आम्ही, दोन मिनिटांचा, माळवीतला, एका पेशंटनेच रेकॉर्ड केलेला. इंदूरची कचरा गाडी रोज सकाळी गाणं वाजवत येते आणि आमच्या गल्लीतल्या चार वर्षांच्या पोराला ओला-सुका कचरा कळतो, त्याला कुठे वाचता येतंय?

वेळ कुठे असतो, असं डॉक्टर मंडळी म्हणतात. सासूवाल्या प्रश्नाला दोन-तीन मिनिटं लागतात. माँजींचे अडीच महिने गेले होते.

माँजींचं सांगायचं राहिलंच. त्यांना आम्ही माठ करून दिला होता, मोठ्या माठात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात झाकणाच्या कोरड्या डबीत बाटली, चुलीपासून लांब, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी. उन्हाळाभर छान चाललं, शुगर 140 वर आली. मग जुलैत त्या एकट्याच आल्या, आणि मी काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं. म्हणाल्या, पाऊस लागल्यापासून माठ बाहेरून ओलाच राहतोय, पाणी पण पहिल्यासारखं थंड नाही, मग दवा खराब तर नाही होणार? पावसाळ्यात हवा दमट, बाष्प उडत नाही, मग माठ गार होणार कसा. हा विचार मी माठाचं चित्रांचं कार्ड बनवताना केलाच नव्हता. सुदैवाने तेव्हा आमच्याकडे उकाडाही कमी झालेला असतो आणि वापरात काढलेली बाटली घरातल्या गार कोपऱ्यातही साधारण चार आठवडे टिकते, ते त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मग माझ्याकडे बघून हसल्या आणि मी न विचारताच सगळं परत म्हणून दाखवलं, सासूला सांगावं तसं.

त्या कार्डावर पावसाळ्याचं वेगळं चित्र घालायचं अजून राहिलंच आहे. ढग काढावा की नुसता ओला माठ, हे सोमवारी बाकावर विचारणार आहे.